दाजींच्या गाडीतला कॉइलचा दिवा

या सदरात येणाऱ्या भुताखेतांच्या गोष्टी मी कित्येक वर्षं वाचतोय आणि दर वेळी लिहिणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालतोय. घाटात पांढऱ्या साडीतली बाई, वळणावर लिफ्ट मागणारी बाई... अरे, जिला भिंतीतून आरपार जाता येतं तिला लिफ्ट कशाला लागते?

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. पडेगावला, दौलताबादच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. 'अमक्या ठिकाणी आली की गाडी आपोआप बंद पडते हो' असं सांगणारी माणसं गाडी टोचन करून माझ्याकडेच यायची. बंपरला ताजं लिंबू-मिरची आणि बॅटरीच्या टर्मिनलवर बोटभर पांढरा गंज. भूत म्हणजे लूज कनेक्शन, हे मी लोकांना तोंडावर ऐकवायचो. शिकलेल्यांना जरा जास्तच.

आता मीच लिहायला बसलोय. हसा.

ज्यांनी जुनी डिझेल गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डिझेल इंजिनाला थंडीत सुरू व्हायला आधी ऊब लागते. त्यासाठी आत हीटर प्लग असतात. चावी अर्धी फिरवली की प्लग तापायला लागतात आणि मीटरमध्ये स्प्रिंगच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. त्याला आम्ही कॉइलचा दिवा म्हणतो. तो विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ मारायचा. बस, एवढंच. तरी निम्म्या लोकांना तेवढा धीर नसतो. दिवा विझायच्या आत घर्रर्र करत बसतात आणि मग बॅटरी उतरली म्हणून आमच्या नावानं ओरडतात.

धीर होता तो आमच्या दाजींना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मिस्टर. पाटबंधारे खात्यात होते. फुलंब्रीला घर बांधलं आणि एक जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली. चावी फिरवायची, तंबाखू मळायची, चुना नीट लागला की तोवर दिवा विझलेला असायचा. आक्काला गाडी त्यांनीच शिकवली, पन्नाशीच्या आसपास. गावात लोक हसले. नंतर त्याच लोकांच्या सुना तिच्या गाडीतून शहरातल्या दवाखान्यात बाळंतपणाला आल्या.

दाजी अचानक गेले. आक्का शाळेतून तेव्हा नुकतीच रिटायर झाली होती. मुलगा नितीन पुण्यात, मोठ्या कंपनीत इंजिनिअर. त्यानं लगेच धोशा लावला — आई, पुण्याला चल, तिथं एकटी राहून काय करतेस, गाडी विक.

त्याच हिवाळ्यात आक्का एकदा दुकानावर आली.

"सुध्या, चालत्या गाडीत दिवा लुकलुकतोय. कॉइलचा."

"प्लग गेला असंल एखादा. ठेव, बघतो."

"प्लग नाय. हे बोलत्यात."

मी हातातला पाना खाली ठेवला. "कोण बोलतंय?"

"हेच. अजून कोण? नित्याचा फोन आला की मी गाडीत बसून ह्यांना विचारते, जाऊ का पुण्याला? दिवा लुकलुकतो. म्हंजे नको म्हणत्यात."

"दाजी?" मी म्हणालो. "जित्तेपणी घरात दोन शब्द बोलत नव्हते, आणि आता मीटरमधनं भाषण देत्यात व्हय?"

शेजारी रेडिएटरचं काम करणारे रशीदभाई खो-खो हसले. आक्काही हसली. ते हसणं वेगळं होतं, पण मला माणसांचं काय कळतंय! मला वायरी कळायच्या.

मी चारही प्लग खोलून बॅटरीवर लावून पाहिले. तीन लाल झाले, एक काळाच राहिला. म्हटलं, सापडलं भूत! नवा प्लग टाकला. दिवा लुकलुकायचा थांबेना. रिले बदलला. अर्थिंगची वायर घासून साफ केली. मीटरपर्यंतची अख्खी वायर टेस्ट लॅम्प लावून तपासली. सगळं ठीक, आणि गाडी रस्त्याला लागली की मध्येच दिवा लुकलुक... लुकलुक. मला फॉल्ट सापडत नव्हता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. दुकानावर कुणालाही हे कळू दिलं नव्हतं.

अशात नितीनचा फोन आला.

"मामा, आई मला म्हणते तुझे बाबा नको म्हणतायत! ऑफिसात कुणी ऐकलं तर काय म्हणतील? तुम्ही एवढे प्रॅक्टिकल माणूस... बंद करा ना तो दिवा."

"फॉल्ट शोधतोय रे."

"फॉल्ट राहू द्या हो. दिवा बंद करा."

आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे, आणि शहरातला कुठलाही गॅरेजवाला हे कबूल करणार नाही. वॉर्निंगचा दिवा जाईना, फॉल्ट सापडेना, गिऱ्हाईक तर डोक्यावर बसलंय — मग मीटर खोलायचं, मागून तो एक बल्ब पीळ देऊन काढायचा, मीटर परत बसवायचं. गिऱ्हाईक खुश, आपण खुश. बिघाड आहे तिथंच.

मी तेच केलं. बल्ब काढून खिशात टाकला. रशीदभाई बघत होते. म्हणाले, "बीमारी तो नै गई मियाँ, बीमार की जबान काट डाला तू."

"तुम्हारे रेडिएटर से पानी चू रहा, वो देखो पहले," मी म्हणालो.

आक्काला सांगितलं, रिले खराब होता, काम झालं. आता दिवा लागणार नाही. चावी फिरवून मनात दहापर्यंत मोज आणि सेल्फ मार. तिनं विचारलं, "परत लुकलुकायचा नाय ना?"

"कध्धी नाय. बघू दे तुझ्या नवऱ्याला दुसरा धंदा."

असं बोललो मी. विधवा बहिणीला, भर दुकानात. तिच्या भल्यासाठी केलं असं पुढं सगळ्यांना सांगत आलो, तेही खोटं. मला फॉल्ट सापडला नव्हता आणि ती त्याला नवरा म्हणत होती, ह्याचा मला राग होता.

ती चावी घेऊन निघून गेली. त्यानंतर नितीनचा फोन आला की तिच्याकडे सांगायला काही उरलं नाही. संक्रांतीच्या आत ती पुण्याला जायला तयार झाली. घराला कुलूप लावलं, किल्ली आणि गाडी माझ्याकडे सोपवली. म्हणाली, "तूच विक. तूच नीट केलीस ना!"

पैठणच्या अलीकडे एक ढाबेवाला घ्यायला तयार झाला. गाडी पोचवायला मी सकाळी निघालो. ऊन चांगलं वर आलेलं. अंधार नाही, धुकं नाही, आदल्या दिवशी घेतलेली नाही — तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगतो. बिडकीन ओलांडलं. रस्त्यावर कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर पुढं चालला होता, म्हणून मी हळू होतो.

आणि मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. विझला. लागला.

कॉइलचा. मी बल्ब काढलेला, तोच.

पहिल्यांदा मी हसलो. उन्हाची तिरीप असणार. गाडी चालवतानाच तळहात आडवा धरला, सावली केली. सावलीत दिवा जास्त ठळक दिसला. शेजारचा दिवा पेटून त्याचा उजेड इकडं झिरपत असेल, म्हणून तेही पाहिलं. शेजारचे सगळे विझलेले. गाडी बाजूला घेतली, बंद केली, स्क्रू-ड्रायव्हर काढून मीटर खोललं. बाकीचे बल्ब जागच्या जागी. कॉइलच्या जागी नुसतं भोक. त्यात करंगळी घातली, करंगळीला धूळ लागली.

मीटर बसवलं. गाडी सुरू केली. दोन-चार शेतं मागे पडली असतील नसतील, परत लुकलुक. मी चकार शब्द विचारला नव्हता. तरी काय म्हणतोय ते मला कळत होतं. तिची गाडी विकायला निघालो होतो मी. दुसरं काय म्हणणार?

इथं तुमच्या सदरातला माणूस गाडी वळवतो, बहिणीच्या पाया पडतो. मी वळवली नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, आणि डोक्यात एकच — हे कुणाला कळता कामा नये. आयुष्यभर लोकांना हसलो, आता लोक मला हसणार. ढाबेवाल्यानं विचारलं, "काही प्रॉब्लेम?" म्हणालो, "लोणी आहे गाडी." डोळ्यांनी दिवा पाहिला, तरी विकली. रस्त्यात पांढरी साडी दिसते म्हणणारा माणूस निदान घाबरून पळतो तरी. मी त्याच्याहून खालचा.

पुढं एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा आडून विचारलं, मीटरमध्ये दिवा-बिवा लागतो का. तो म्हणाला, "कोणता दिवा? तिथं तर बल्बच नाही, कुण्या हलकटानं काढून घेतलाय."

वर्षं गेली. आक्का पुण्यात, नितीनकडे अकराव्या मजल्यावर. सून चांगली आहे, उगाच तिच्यावर ढकलायचं नाही. आक्काला तिथं कुणी छळत नव्हतं. फक्त काही करू देत नव्हते. भाजी मोबाईलवर यायची, खाली जायचं तर कुणीतरी सोबत. जी बाई कळा देणारी पोर मागच्या सीटवर घेऊन पावसात सावंगीचा रस्ता काढायची, ती लिफ्टसमोर नातवाची वाट बघत उभी राहायची. मी भेटायला जायचो, जेवायचो, यायचो. तोंड उघडायचो नाही.

गेल्या दिवाळीत उघडलं. बाल्कनीत ती आणि मी दोघंच होतो. बल्ब काढल्याचं सांगितलं. मग बिडकीनच्या पुढचंही सांगितलं, सगळं. म्हणालो, "आक्का, दाजी खरंच बोलत होते. मी त्यांचं तोंड बंद केलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात चौथ्यांदा नापास झालेल्या पोराकडे बघावं.

"सुध्या, तू येडा का खुळा? दिवा काय बोलतोय! मला काय कळत नाय व्हय, प्लग असंल म्हणून?"

"मग तू तेव्हा..."

"मला जायचं नव्हतं. नित्याला दहादा सांगितलं, मला हितंच राहायचंय. ऐकलं का त्यानं? तू ऐकलंस का? बाप नको म्हणतोय म्हटल्यावर मातर गप बसला. बाईनं नाय म्हणलेलं कुणाला ऐकू येत नाय रे. मेलेल्या नवऱ्याचं येतं. तेवढा एक दिवा होता माझ्याकडं, तो पण तू काढून खिशात घातलास."

माझा हात आपसूक खिशाकडे गेला.

"आता जा," ती म्हणाली. "नित्याला सांग, दाजींनी दिवा लावला म्हणून. तुझं ऐकंल तो. तू प्रॅक्टिकल ना?"

"हसंल तो, आक्का."

"हसू दे की. मला हसलात तव्हा मी मेले का?"

आत जाऊन मी नितीनला सांगितलं. तो हसला नाही, त्याहून वाईट झालं. त्याला इंटरेस्ट आला! कागद घेऊन सर्किट काढायला बसला. मामा, रिलेचा बॅकफीड असेल, उलटा करंट. अरे, बॅकफीड येऊन पेटवणार काय, तिथं बल्बच नाही. मग सर्किट बोर्डावर स्पार्किंग? स्पार्किंग निळसर दिसतं, आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला असता. मग तुम्हाला भास झाला. हाताच्या सावलीत? आम्ही दोघं शहाणे हमरीतुमरीवर आलो. तिची आठवणही कुणाला नव्हती.

आक्का दारात येऊन उभी राहिली होती.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "आता मला विचारा."

"काय विचारू आई?" नितीननं कागदावरून डोकं वर काढलं.

"घरी जायचंय का, असं विचार."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "जायचंय का, घरी?"

"व्हय."

एवढंच. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत आणि आम्ही तिची इतकी वर्षं खाल्ली.

आक्का आता फुलंब्रीला आहे. गाडी नाही, रिक्षानं हिंडते, गुडघे दुखतात, रिक्षावाल्याला कसं चालवायचं ते शिकवते. मी दुकान पुतण्याला दिलंय. बल्ब काढायचा नाही, एवढीच अट घातली.

त्या सकाळी मी काय पाहिलं, ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. वायरिंगमधलं जेवढं कळतं तेवढं सगळं लावून पाहिलं. माझ्या अपराधाचा भास म्हणाल तर तसंही नाही, कारण तोवर मला अपराध वाटतच नव्हता. मी चांगलं काम केलं अशा तोऱ्यात होतो. कुणाला कळलं असेल तर जरूर लिहा, फक्त आत्मा-बित्मा म्हणू नका. माझा अजूनही विश्वास नाही. पाहिलंय, तरी नाही.

आक्कापुढं हा विषय काढला की ती तांदूळ निवडता निवडता मान वर न करताच म्हणते, "बल्ब होता तव्हा लुकलुकायचा, तो प्लग असंल. बल्ब नव्हता तव्हाचं तुझं तू बघ."