काच धरणारी

जोतीरामाचा डावा हात उसाच्या चरकात गेला, त्या साली तो कोरेगावात आप्पासोंच्या कारखान्यात वेल्डर होता. ट्रॉल्या, नांगर, विहिरीवरचे रहाट, सगळं त्याच्या हातचं. कोपराखालचा हात गमावून, जखम भरल्यावर तो परत आला, तेव्हा आप्पासोंनी मान खाली घातली.

"एका हातात सळईचा होल्डर, एका हातात डोळ्यांपुढची काच. तुझं कसं जमायचं, गड्या?"

बायको शालूबाई बाजूलाच उभी होती. ती म्हणाली, "काच मी धरते की."

आणि तिनं धरली. तो ठिणगी पाडायचा, ती त्याच्या तोंडापुढं काळी काच धरून उभी राहायची, मान वळवून. सळई संपली की नवी होल्डरात तीच अडकवायची. बाजारचे लोक आधी थांबून बघायचे, मग सवय झाली. संध्याकाळी तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. बटाट्याच्या चकत्या ठेवून ती पडून राहायची. त्यानं विचारलं तर म्हणायची, "चुलीचा धूर लागलाय."

त्यानं ते मानलं. मानणं सोयीचं होतं.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. एक दिवस ट्रॉलीचा सांगाडा जोडताना लख्ख उजेड थेट त्याच्या डोळ्यांत घुसला.

"आगं, काच नीट धर की!"

"धरलीया की ओ."

त्यानं डोळे चोळून पाहिलं. काच त्याच्या तोंडापासून चांगली वीतभर बाजूला होती, आणि शालूबाई रिकाम्या हवेकडे बघत होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी तिचे डोळे बराच वेळ तपासले. "आतला पडदा भाजलाय. आहे तेवढी नजर टिकली तरी पुष्कळ."



मग जोतीरामानं हातातल्या काचेची मूठ कापली. जुन्या पट्ट्याचं कडं डोक्याच्या मापाचं केलं आणि काच त्याला दोन बोल्टांवर टांगली. मान झटकली की ती तोंडावर पडायची, उरलेल्या कोपरानं वर जायची. लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून त्यात सळया उभ्या केल्या. होल्डर वरून दाबला की सळई धरली जायची. सगळं मिळून चार दिवसांचं काम.

आप्पासो कौतुकानं बघत राहिले. मग सहज बोलून गेले, "आरं, हे आधीच का न्हाई सुचलं?"

जोतीरामानं मान झटकून काच तोंडावर पाडली.

घरी त्यानं ते कडं शालूबाईच्या हातात दिलं. तिनं बोटांनी बोल्ट चाचपले, पट्टा चाचपला.

"लय बेस झालं बगा," ती म्हणाली. "आता तुमाला माझी गरज न्हाई लागायची."

ती मनापासून हसत होती. तिनं अंदाजानं ताट वाढलं, आमटी काठावरून सांडली. जोतीराम ताटापुढं बसून राहिला. घास काही उचलला जाईना.