एका कळीने पुसलेली नावं

मी चौथीपर्यंत शिकलो. तरी मोबाईलवर मराठी लिहितो, एका बोटाने. मये गावातल्या आमच्या भजनी मंडळाची सोमवारची बैठक पाळीने घराघरांत व्हायची. सहा वर्षं मी पेटीशेजारी मोबाईल ठेवून ती रेकॉर्ड केली. पाळी कुणाच्या घरी आणि गायलं कोण, हे प्रत्येक फाइलीला नाव म्हणून लिहिलं. दोनशेच्या वर फायली झाल्या.

नव्या चिटणिसाने त्या मंडळाच्या संगणकावर घेतल्या. माझा मोबाईल भरला होता, म्हणून मी माझ्याकडच्या पुसल्या. चिटणीस ऑफिसात जन्म काढलेला. माझी नावं त्याला पसारा वाटली. सगळ्या फायली निवडून एक कळ दाबली. भजन ००१, भजन ००२, असं पार शेवटपर्यंत.

"मामा, कसं झालं शिस्तीत?"

"जुनी नावं खंय गेली?"

"ती कशाला? भजनं आहेत मां जागेवर!"

मग आमच्या वारलेल्या पखवाजवाल्याची बायको आली. तो जन्मभर वाजवत राहिला. गायला एकदाच, त्यांच्या घरच्या पाळीला. "भावजी, वर्षश्राद्धाला ह्यांचा आवाज लावूया," म्हणाली. मी "देतो" म्हटलं. नावं गेली हे तिला सांगितलं नाही.

रोज सकाळी मंडळाच्या खोलीत जाऊन पहिल्यापासून ऐकू लागलो. एकेक बैठक दीड तासाची. चिटणीस म्हणाला, "ओढून पुढे न्या मरे!" मी म्हटलं, भजन ओढत नाहीत. श्राद्धाच्या दिवसापर्यंत एकाहत्तरावर पोचलो होतो.

त्या दिवशी चिटणिसाने तिच्या घरी लॅपटॉप आणला. "हेच असणार," म्हणून एक फाइल लावली. आवाज दुसऱ्याचाच. लोकांनी हात जोडले. ती चुलीकडून बाहेर आली, थोडा वेळ ऐकलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "भावजी, हे ते नव्हेत."

मी उठून बंद केलं.

"मामा, लोकांसमोर?"

"लोकांसमोरच. तू नावं पुसलीस तीही मंडळाच्या नावानेच."

ती पानं वाढायला आत गेली. मी न जेवता निघालो. दुसऱ्या दिवशी तिने डबा पाठवला, तो मी तसाच परत पाठवला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला माज आहे. असेल. पण तिच्या घरचं अन्न कुठल्या तोंडाने खाणार होतो?