आबांचा नाच आणि एकाच नावाच्या दोन फायली

घरात भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. भीतीने नाही, कंटाळा येतो म्हणून. त्यामुळे पुढचं वाचून हिचं डोकं फिरलंय असं कुणाला वाटलं, तर माझी हरकत नाही... मलाही काही दिवस तसंच वाटत होतं.

मी जळगावला राहते, लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. शूटिंगला मी आणि माझा मोठा भाऊ असतो, दोघांचे कॅमेरे अगदी सारखे. भाऊचा एक नेम आहे — प्रत्येक लग्नाला दोन्ही कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं कोरी करायची आणि फायलींचे नंबर पहिल्यापासून सुरू करायचे. नव्या संसाराला जुना आकडा नको म्हणे! त्यामुळे आमच्या फायलींची नावं हमखास सारखी येतात.

तर धुळ्याच्या एका लग्नात नवरीचे आजोबा, आबा, बँडवर नाचले. ज्या माणसाला घरच्यांनी कधी धड हसताना पाहिलं नव्हतं, तो टोपी उडवून नाचत होता. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी शूट केलं. आणि नेमकी नवरी, भाग्यश्री, तेव्हा वरच्या खोलीत मेकअपला डोळे मिटून बसलेली.

निघताना ती मला म्हणाली, "ताई, बाकी व्हिडिओ नाही दिला तरी चालेल. आबांचा नाच तेवढा द्या."

आबांना पुन्हा नाचा म्हणून सगळ्यांनी गळ घातली, पण ते ऐकेनात. "एक डाव नाचनू. आते परत नाचाव नही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन्ही कार्डांतल्या फायली कॉम्प्युटरवर हलवायला घेतल्या. संध्याकाळी दुसरं लग्न होतं, कार्डं रिकामी हवी होती. 'या नावाची फाइल आधीच आहे' असं आलं, मी 'दोन्ही ठेवा' दाबलं... आणि फायली हलवणारा प्रोग्राम, फाइल मॅनेजर, खटकन बंद पडला. पुन्हा उघडून बघते तर बाकी सगळं जागेवर, फक्त नाचाच्या दोन फायलींच्या जागी एकच. कार्डं रिकामी. भाऊने कपाळाला हात लावला.

ती फाइल लावली. नाच होता! पण वरून घेतलेला. खाली डावीकडे भाऊ, उजवीकडे मी, दोघांच्याही डोळ्याला कॅमेरे. तिसरा कॅमेरा नव्हता, ड्रोन नव्हता.

आम्ही व्हिडिओ घेऊन धुळ्याला गेलो. भाग्यश्री माहेरी आली होती, वरण-बट्टीचा बेत होता. सगळे टीव्हीसमोर बसले, हसून हसून पोटं दुखली. नाचता नाचता आबा मध्येच वर बघतात आणि हात करून बोलावतात — थेट आपल्याकडे बघून.

आबा पडद्यावरच्या आम्हा दोघांकडे बोट दाखवून म्हणाले, "तुम्ही दोन्ही तठे शेतस, मंग हाई काढं कोनी?"

मग भाग्यश्री हळूच म्हणाली, "हे माझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतं तसं आहे. पण खिडकी तर बंद होती."

आबा तिच्याकडे वळले. "मी वर देखं व्हतं, पोरी. बंदच व्हती. तरी मी तुले हात करा."

पोरगी रडली, हसली आणि तिने आबांचा हात धरून त्यांना उठवलं. परत नाचणार नाही म्हणणारे आबा तिच्याबरोबर बैठकीतच नाचले. मला इतका आनंद झाला होता की कॅमेरा काढायचं सुचलंच नाही.

फाइल मॅनेजर बनवणाऱ्यांना मी सगळं रीतसर कळवलं. त्यांचं नम्र उत्तर आलं — सारख्या नावाच्या फायली हलवताना प्रोग्राम का बंद पडतो ते सापडलं, नव्या व्हर्जनमध्ये तो दोष काढलाय. व्हिडिओबद्दल मात्र त्यांना काही सांगता येत नाही. मलाही येत नाही. दुसऱ्या फायलींवर तेच किती वेळा करून पाहिलं, प्रोग्राम तेवढा बंद पडतो, बाकी काही होत नाही.

भाऊ अजूनही कार्डं कोरी करतो. आणि मी अजून अपडेट केलेलं नाही.