कोरे केस

प्रयोगशाळेत त्यांना सगळे केसवाल्या बाई म्हणत. केसांतली नशा शोधणाऱ्या यंत्रांची परीक्षा घ्यायची, तर ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे असे केस लागतात. ते बाई तयार करायच्या. कोरे, म्हणजे नशेचा अंशही नसलेले केस धुवायचे, वाळवायचे, दळून पीठ करायचं आणि त्यात अमली पदार्थ मोजून मुरवायचा.

खरी अडचण कोऱ्या केसांचीच. सलूनमधून झाडून आणलेल्या केसांवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे मुलीनं लांबसडक वेणी कापून "घे, तुझ्या कामाला येईल" म्हटलं, तेव्हा बाई हरखल्याच.

"माझी पोर डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही. डोळे झाकून दळा," असं साहेबांना सांगून मोकळ्या झाल्या.

पण दळण्याआधी कोरे केसही तपासायचेच, हा नियम खुद्द बाईंचा. त्यांनी तपासले. यंत्रानं नशा दाखवली.

बाई आधी यंत्रावर डाफरल्या. मग टेबलावरचं काही लागलं असेल म्हणून वेणी पुन्हा धुतली. धुवण स्वच्छ निघालं. नशा केसांच्या आत होती.

केस महिन्याला जेमतेम बोटाचं अर्धं पेर वाढतो, म्हणून तुकड्यांवरून काळ कळतो. बाईंनी मुळापासून टोकापर्यंत तुकडे पाडले. मुळाकडचे कोरे, टोकाकडचे कोरे, मधले मात्र भरलेले. म्हणजे बाईंचा नवरा गेल्यानंतरचं वर्ष. 'पोर किती सावरली' असं ज्या वर्षाचं कौतुक त्यांनी नात्यागोत्यात सांगितलं, तेच. घर खायला उठतं म्हणून त्या वर्षी त्या दिवसदिवस इथेच बसत, परक्यांचे केस न्याहाळत. आणि रोज सकाळी घाईघाईनं हीच वेणी घालून देत. बाईंना स्वतःची किळस आली.

'वेणी बाद' एवढंच साहेबांना सांगून त्या घरी गेल्या. मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. आईचा चेहरा बघून तिनंच विचारलं, "कळलं?"

"म्हणजे, तू मुद्दाम दिलीस?"

"तेव्हा कितीदा आले होते गं तुझ्यापाशी. दर वेळी तुझं एकच, 'आता नको, डोकं उठलंय.' मग त्यातून माझी मीच सुटले. म्हटलं, माझं नाही ऐकलंस, मशीनचं तरी ऐकशील."

बाई तिच्यासमोर बसल्या. "आता सांग. सगळं सांग. मी ऐकते."

"आता काय सांगायचंय, आई?" घड्या उचलून आत जाता जाता मुलगी म्हणाली. "रिपोर्ट आहे की तुझ्याकडे."