दुसरा फोटो कुणाचा

कचेरीत तिला सगळे भिंगताई म्हणत. गर्भधारणेवरचं संशोधन छापणाऱ्या एका मासिकात ती कामाला होती. लेख आला की त्यातले फोटो तपासायचे. एकच फोटो फिरवून, उलटवून कुणी दोनदा तर खपवला नाही ना, ते बघायचं. घरीही तीच खोड. नवरा म्हणे, "हिच्यापुढे उभं राहायला आरसासुद्धा घाबरतो."

त्या दिवशी मात्र तिचा पाय एका जागी ठरेना. समोरच्या लेखात गर्भाशयाच्या अस्तराचे दोन फोटो होते. नवं औषध घेतलेल्या दोन वेगळ्या बायकांचे, असं खाली लिहिलेलं. भिंगताईने एक उलटवून दुसऱ्यावर ठेवला, तर पेशीन् पेशी जुळली. आणि लेख लिहिणारे डॉक्टर तेच, ज्यांच्याकडे तिची धाकटी बहीण मूल व्हावं म्हणून खेटे घालत होती!

ती तडक संपादकांकडे गेली.

"खुलासा मागवू," ते म्हणाले. "चूकभूलही असेल. तोवर यातलं अक्षर बाहेर जायला नको. तुला काय सांगायचं म्हणा."

बहिणीचं तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लेखच हातातून काढून घेतला असता.

घरी येऊन तिने दूध तापत ठेवलं आणि समोर उभी असूनही ते उतू गेलं. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"ताई, उद्यापासून नवं औषध सुरू!"

"नको घेऊस."

"का गं?"

अक्षर बाहेर जायला नको, असं संपादकांनी बजावलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

"तुला दोन मुलं आहेत ना, म्हणून सुचतंय तुला हे," बहीण म्हणाली.

ते वाक्य फार लागलं. इतक्या वर्षांत नवऱ्याकडेही कामाचा चकार शब्द न काढणाऱ्या भिंगताईने मग सगळं घडाघडा सांगून टाकलं.



"असेल खोटं," बहीण म्हणाली. "पण ताई, बाकी सगळ्यांनी हात टेकले. हे एकटेच हो म्हणाले. मी जाणार."

आपण नियम मोडला, आणि मोडूनही काही साधलं नाही, हे भिंगताईला कळलं. आता नोकरीचं काय होणार तेही कळत होतं.

"किती वाजता जायचंय?" तिने विचारलं. "मी येते बरोबर. तुझ्यादेखत विचारते त्यांना, दुसरा फोटो कुणाचा ते."