विलासभाऊजींचा गरम फ्रीज

कुंदाचा नाशिकहून फोन आला तेव्हा मी नुकतीच कामावरून येऊन चपला काढत होते. "शैला, हे गेले गं... चहा मागितला, आणि मी घेऊन येईपर्यंत..." आणि ती रडू लागली. मला मात्र, का कोण जाणे, त्या क्षणी रडू आलं नाही. पॅसेजमध्ये उकिडवे बसून फ्रीजच्या पोटात डोकं घातलेले विलासभाऊजी डोळ्यांपुढे आले आणि चक्क हसू फुटलं. आता तीन-चार आठवडे झाले, तरी ते आठवले की आधी हसूच येतं.

युद्धानंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा आमची दोन्ही कुटुंबं तिथल्या खैतान वस्तीत एकाच मजल्यावर राहायला आली. समोरासमोर दारं, मध्ये छोटा पॅसेज. विलास सोनार रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. दिवसभर तिथली तापमानं सांभाळायची आणि घरी येऊन कुंदाच्या कुकरच्या शिट्ट्यांवर मतं द्यायची, असा त्यांचा खाक्या. वाळवंटात कसली आलीय थंडी, असं आपल्याकडे लोकांना वाटतं. पण जानेवारीत इथली फरशी बर्फासारखी होते. इडलीचं पीठ रात्रभर ठेवा नाहीतर दोन दिवस, ढिम्म हलत नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला इडल्यांचे असे दगड झाले की पाहुण्यांनी नुसत्या सांबारावर भागवलं. भाऊजींनी मात्र एक इडली निरखून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, तुमचं प्रमाण बरोबर आहे. पीठ गारठलंय बिचारं."

दुसऱ्याच दिवशी कुणीतरी कचराकुंडीपाशी टाकलेला जुना फ्रीज त्यांनी ढकलत वर आणला. कुंदानं कपाळाला हात लावला. "फ्रीजमध्ये पीठ गरम करणार? लोकांना सांगू तरी काय?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "अगं, गारवा आत धरतो तो ऊबही धरतोच की." यंत्र बंद पडलेलंच होतं, त्यांनी आत एक दिवा बसवला. पहिल्या खेपेला पीठ कडेनं शिजलं. मग दिव्यावर भोकं पाडलेला बिस्किटांचा डबा उपडा घातला, आतली हवा फिरायला कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावला आणि ऊब वाढली की दिवा आपोआप बंद होईल असा थर्मोस्टॅट जोडला. मग एके दिवशी पीठ पातेल्याचं झाकण उचलून बाहेर आलं! भाऊजींनी आम्हा सगळ्यांना हाका मारून ते दाखवलं. मूल पहिल्यांदा पालथं पडल्यावर बाप दाखवतो ना, तसं.

पण पॅसेजमध्ये आंबूस वास सुटला. इमारतीच्या हारिसनं, म्हणजे रखवालदारानं, फ्रीजचं दार उघडून पिठावरचे बुडबुडे पाहिले आणि थेट मालकाला गाठलं. मालक अबू नासर, उंच, करड्या दाढीचे, मोडकं हिंदी बोलणारे. शुक्रवारी सकाळी ते जिना चढून आले, फ्रीजकडे बोट करून गरजले, "ये क्या है?" भाऊजी उत्साहानं म्हणाले, "खमीर, बाबा! खमीर!"

हिंदीत खमीर म्हणजे आंबवण, पण अरबीत खमर म्हणजे दारू. आणि इथे घरात दारू गाळणं म्हणजे नोकरी, व्हिसा, सगळ्यावर पाणी. मालकांचा चेहरा लाल झाला. "खमर? मेरे घर में?" भाऊजींना वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "हां बाबा, खमीर! बहुत अच्छा खमीर! सबको देता है!"

हारिस पोलिसांना बोलवायला निघाला तेव्हा कुठे भाऊजींच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला मी त्या एकदाच पाहिला. कुंदाची मुलं दारात उभी होती. कुंदा मात्र पुढे झाली, पातेलं उचललं आणि म्हणाली, "बाबा, दस मिनिट बैठो. बाद में पुलिस बुलाओ." तिनं इडल्या लावल्या. भाऊजी फ्रीजला टेकून उभे होते.

अबू नासरनी पहिली इडली आधी हुंगली, मग खाल्ली. दुसरी न विचारता उचलली. मग एकाएकी ते खदखदून हसू लागले. "खमीरा! खमीरा बोलो!" पीठ फुगवायच्या आंबवणाला इकडे खमीरा म्हणतात. "एक 'आ' भूल गया तो सीधा जेल!" जाताना त्यांनी आपल्या तोंडाचं बोळकं झालेल्या आईसाठी चार इडल्या नेल्या. पुढच्या आठवड्यात म्हातारीनं दूध पाठवलं, लबन, म्हणजे इथलं दही, लावून द्या म्हणून. मग दर शुक्रवारी मालकांच्या घरून दूध यायचं, आमच्याकडून इडल्या जायच्या. भाऊजी निवृत्त होऊन नाशिकला निघाले तेव्हा तो फ्रीज मागून घ्यायला अबू नासर स्वतः आले होते.

मी अजून कुवेतमध्येच आहे. गेल्या आठवड्यात अबू नासरांचा मुलगा नासर माझ्याकडे आला. भाऊजींचं त्याला मीच कळवलं होतं. संकोचून म्हणाला की त्या फ्रीजमधला दिवा गेला, दुकानात आता नळीचे नवे दिवेच मिळतात, ते गरमच होत नाहीत, आणि आजीचं लबन लागत नाही... अंकलना विचारायचं राहून गेलं. मी कुंदाला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "ओव्हनमधला छोटा बल्ब आणायला सांग. दोन लावायचे. आणि पंख्याचं तोंड भांड्याकडे नको, भिंतीकडे." मग स्वतःच थबकली. "अगं बाई... इतकी वर्षं यांचं बोलणं मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देत होते, असं वाटायचं मला." आणि हसली. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदाच.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "उद्या सकाळी लबन लागलं का, ते मला कळवायला सांग हं त्याला. नाही लागलं तर थर्मोस्टॅट बघावा लागेल."