बसू का जाऊ?

दारात आल्या की मावशी आधी पदर कमरेला खोचायच्या आणि उंबऱ्यावर अशी फतकल घालायच्या, की बाळ होईपर्यंत आता यमालाही आत वाट नाही. "बाळंतिणीला येकटं सोडू न्हाई," हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र. अशी एक सुईण तुमच्याही आळीत होऊन गेली असेल. बहात्तरच्या दुष्काळानंतर बदली होऊन मी कडेगावात विज्ञानाचा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा आमची निम्मी आळी याच बाईच्या हातात जन्मलेली होती. त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. रजेवर आलेल्या मिशाळ हवालदारालाही त्या भर रस्त्यात थांबवून सांगत, "पायाळू हुतास रं तू. लय छळलंस आईला."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतली पांढरी सशीण सांभाळायला म्हणून माझ्या घरी आली, आणि ती गाभण निघाली. मला बेडकाची आतडी फळ्यावर झकास काढता यायची, पण गाभण सशिणीचं काय करतात ते ठाऊक नव्हतं. बायकोनं शेजारून मावशींना बोलावलं.

मावशींनी पोटावरून हात फिरवला. "दोन दिस. लय झालं तर तीन." चहाच्या रिकाम्या लाकडी खोक्यात त्यांनी गवत अंथरलं. तिसऱ्या पहाटे सशिणीनं स्वतःच्या छातीचे केस उपटून गवतावर पसरले आणि सहा पिल्लं घातली. बोटाएवढी, लाल, डोळे मिटलेली.

"आगं बया, सोताचं केस उपटलं पोरीनं!" मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग सगळं रीतसर सुरू झालं. ओवा-शेपांची धुरी झाली, खोक्याला कडुलिंबाचा डहाळा लागला, आळीतल्या बायका बाळं बघून गेल्या. सशीण मात्र पिल्लांपासून लांब, कोपऱ्यात बसून राही. "दिसभर पाजत न्हाई, कसली आई ही?" म्हणत मावशी तिला मांडीवर दाबून धरत आणि एकेक पिल्लू आचळाला लावत. सशिणीचं काळीज लांबूनही दिसेल इतकं उडत होतं. मी नुसता बघत होतो. हसतही होतो, खोटं कशाला बोलू?

पाचव्या दिवशी सकाळीच मावशी पाचवी पुजायला हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांनी खोक्यावरचं फडकं उचललं आणि ताट हातातून खाली पडलं. मी धावलो. चार पिल्लं सशिणीनं मारली होती. त्यातली दोन अर्धी खाल्लेली होती. तिच्या पांढऱ्या तोंडाला रक्त लागलं होतं. ते तोंड मला आजही दिसतं.

"आईनं?" मावशी एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या.

मी गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "अहो मास्तर, ती दिवसातून एखाद्या वेळीच पाजते, तेही आसपास कुणी नसताना. माणसांचा वावर झाला की भेदरून पिल्लं मारते. तिला एकटं सोडायचं असतं."

हे मावशींना कोणत्या तोंडानं सांगायचं? तरी सांगितलं.

"मंजी मी मारली."

"आपण सगळ्यांनीच, मावशी."

"तुमाला काय कळतंय त्यातलं? मला कळाय पायजे हुतं."

दोन पिल्लं उरली होती. मावशींनी त्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि दाराकडे पाठ करून उंबऱ्यावर बसल्या. तीन आठवडे त्यांनी कुणालाही फिरकू दिलं नाही. मला तेवढं सकाळी चारा-पाणी ठेवायला आत सोडत. आत कितीही खुडबुड झाली तरी त्यांनी मान वळवली नाही. दोन्ही पिल्लं जगली.

पुढल्या वर्षी माझ्या बायकोला कळा सुरू झाल्या. मावशी आल्या, पदर खोचला आणि दाराबाहेरच थबकल्या. "पोरी, बसू का जाऊ?"

उभ्या जन्मात या बाईनं हे कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या सासूबाई तोंडात बोट घालून बघतच राहिल्या. आतून बायको ओरडली, "बसा की वो मावशी!"

पुढे माझी वाईला बदली झाली. काही वर्षांनी निरोप आला, मावशींचं काही खरं नाही. मिळेल ती एस.टी. धरून गेलो. खोलीत बायकांची दाटी. कुणी पाय चोळतंय, कुणी पाणी पाजतंय, कुणी आधीच रडतंय. मी कानाशी वाकलो.

"मावशी, बसू का जाऊ?"

त्यांनी डोळे उघडले. "ह्यास्नी काडा भायेर. दार लोटा." मग दम घेऊन म्हणाल्या, "पर लांब जाऊ नगा."

मी दार लोटलं आणि दाराकडे पाठ करून उंबऱ्यावर बसलो. आतला श्वास ऐकू येत होता. तो थांबल्यावरही बराच वेळ मी मान वळवली नाही.